गरोदरपणातील मूत्रसंसर्ग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गरोदरपणात मूत्रसंसर्गाचा धोका वाढतो तो मुख्यतः शरीरातील बदलांमुळे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात आणि वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब आणते. लघवी तुंबते, जंतूंना वाढायला अवधी मिळतो. गर्भाशय बहुधा उजवीकडे कलत असल्याने उजव्या मूत्रपिंडाला त्रास अधिक होतो.

गैरसमज : संसर्ग अस्वच्छतेमुळेच होतो.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा कारण असतो आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब आणि गुदद्वाराजवळ असतो; त्यामुळे स्वच्छता पाळणाऱ्या स्त्रीलाही संसर्ग होतो. पूर्वी झालेला मूत्रसंसर्ग, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, मुतखडा आणि मूत्रमार्गातील जन्मजात दोष यांमुळे धोका वाढतो. सिकलसेलमुळेही तो वाढतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत हा आजार आढळत असल्याने तिथे ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

गैरसमज : जळजळ नाही, म्हणजे संसर्ग नाही.
वस्तुस्थिती : सुमारे २ ते १० टक्के गर्भवतींच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू असतात. उपचार न झाल्यास ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतात. मग थंडी वाजून ताप येतो, बरगडीखाली पाठीत दुखते, उलट्या होतात. अकाली प्रसूतीचा धोकाही वाढतो. म्हणून १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान किंवा पहिल्या तपासणीतच लघवीची कल्चर चाचणी करतात. त्यासाठी सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत घ्यावा लागतो.

गैरसमज : ही तर उन्हाळी, धने-जिऱ्याचे पाणी पुरे.
वस्तुस्थिती : भरपूर पाणी पिणे आणि लघवी न रोखणे हितकारक आहे, पण झालेला संसर्ग त्याने बरा होईलच असे नाही. जंतू आढळल्यास प्रतिजैविकच लागते.

गैरसमज : गरोदरपणात प्रतिजैविके घेऊच नयेत.
वस्तुस्थिती : सेफॅलेक्सिन, फॉस्फोमायसिन यांसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन सहसा टाळतात, तर नायट्रोफ्युरॅन्टॉइन प्रसूती जवळ आल्यावर देत नाहीत. म्हणून घरात उरलेली जुनी गोळी घेऊ नये आणि बरे वाटले तरी औषध अर्ध्यावर सोडू नये.

ताप, पाठदुखी किंवा लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.