छातीतील कळ आणि अर्धांगवायू

घरातील वडील माणसाचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, की अर्धांगवायूचा झटका आला हे बहुतेकांस समजते. परंतु त्याआधी छातीत वा पाठीत कळ आली होती काय, हे डॉक्टरांस सांगावयाचे धांदलीत राहून जाते. त्या एका गोष्टीवर रोग्याचा जीव अवलंबून असू शकतो; म्हणून तिची फोड येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. वाढते वय आणि वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब यांमुळे ती कमकुवत होते व एखादे दिवशी आतला थर फाटतो. त्या फटीतून रक्त थरांमध्ये शिरते आणि कोटाचे अस्तर सुटावे तशी भिंत उकलत जाते. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या याच महाधमनीच्या कमानीतून निघतात. उकल तेथवर पोचली की त्यांची वाट दबते आणि अर्धांगवायू होतो.

नेहमीच्या झटक्यात बहुधा रक्ताची गुठळी अडकलेली असते. ती विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत योग्य रोग्यास देतात. महाधमनी फाटलेली असता मात्र तेच औषध रक्तस्राव वाढवून प्राण घेऊ शकते. म्हणून शंका येताच डॉक्टर दोन्ही हातांचा रक्तदाब ताडून पाहतात आणि सीटी स्कॅनने महाधमनीची तपासणी करतात. काही वृद्धांस कळ जाणवतही नाही, आणि ज्याची वाचा गेली तो सांगणार कसा? तेव्हा जवळच्या माणसांनीच पाहिले-ऐकले ते सांगावे.

फाट हृदयालगतच्या भागात असेल तर शस्त्रक्रिया करून तेथे कृत्रिम नळी बसवितात. उपचाराविना सुरुवातीस दर तासाला शंभरांतील एक-दोन रोगी दगावतात, असे मानले जाते. केवळ वय झाले म्हणून आशा सोडू नये. अमेरिकेतील शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी 1954 मध्ये या विकारावरील शस्त्रक्रियेचा पाया घातला. 2005 च्या अखेरीस, वयाच्या 97 व्या वर्षी, हाच विकार त्यांना स्वतःला जडला. 2006 च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते 2008 पर्यंत जगले. अर्थात प्रत्येक रोग्यास ती झेपेलच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

आमची वाचकांस विनंती एवढीच : वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि झटका आलाच तर रुग्णालयाच्या दारातच सांगावे, “आधी छातीत कळ आली होती.” हे एक वाक्य विसरू नये.