बार्सिलोनाचा जिद्दी गायक
स्पेनमधला सहा वर्षांचा होसे कारेरास गायक मारिओ लान्झाचा सिनेमा बघून आला नि घरभर गातच सुटला! अकराव्या वर्षी, १९५८ साली, तो बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरागृहात गायला. पुढं कारेरासनी जगभरची रंगमंदिरं गाजवली.

पण १९८७ साली त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. वाचण्याची आशा फार थोडी. अमेरिकेत सिएटलला अस्थिमज्जा रोपण झालं नि ते बचावले. १९८८ साली पुन्हा गायले. त्याच वर्षी या रोगाशी लढणारी संस्थाही काढली.

७ जुलै १९९०. रोम. दुसऱ्या दिवशी विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना. त्या रात्री पाव्हारोत्ती आणि दोमिंगो यांच्या शेजारी उभं राहून कारेरास गायले. जगानं ऐकलं!

आजारपणानंतर वही उघडायचा कंटाळा आला, तर त्यांना जरूर आठवा.