सागरतळीच्या छायाचित्रणाचा सरंजाम

गोदाकाठच्या नाशिककराने समुद्रतळाची छायाचित्रे काढू म्हणावे, हा मनसुबा विक्षिप्त वाटेल खरा. परंतु १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सान्निध्यातील प्रवाळ ज्याने एकदा पाहिले, त्याला आपला डीएसएलआर पाण्याखाली नेण्याची तजवीज केल्यावाचून चैन पडत नाही.

यातला मुख्य जिन्नस हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचे जलाभेद्य कवच. ते विशिष्ट मॉडेलसाठीच घडविलेले असल्याने कॅमेरा बदलला की बहुधा तेही बदलावे लागते. खर्चाच्या अंदाजात हे कलम विसरू नये. दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, सबब खोलीची मर्यादा आधी पाहावी.

हाउसिंगच्या सपाट पोर्टमधून, म्हणजे लेन्ससमोरच्या खिडकीतून, वक्रीभवनामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, जे मॅक्रो लेन्सला पोषकच. वाइड अँगलला मात्र घुमटाकार डोम पोर्टच हवा. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळते, म्हणून स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, आवश्यक, आणि तोही लांब आर्मवर बाजूला सरकवून. अन्यथा गढूळ पाण्यातला कण न् कण चित्रात चमकतो.

दिसायला क्षुद्र, पण सर्वांवर हुकमत गाजविणारी वस्तू ओ-रिंग, म्हणजे हाउसिंगचा सांधा जलबंद करणारे रबरी कडे: तीवरचा एक केस सारा ऐवज बुडवू शकतो. माझा शिरस्ता असा, की निघण्यापूर्वी रिकामे हाउसिंग, आत टिपकागद ठेवून, घरच्या घंगाळात बुडवायचे. ते तरंगते, म्हणून वर वरवंटा ठेवावा लागतो, आणि त्यापायी स्वयंपाकघरातून जो मजकूर ऐकावा लागतो, तो येथे देत नाही.