रोवणी, घाम आणि बीपीची गोळी

जुलै-ऑगस्टमध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकरी घरात व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. बांधीत पोटरीभर चिखल, कमरेतून वाकलेले शरीर, हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि सकाळपासून उन्हे कलेपर्यंत एकेक पाऊल मागे सरकत चाललेली धानाची रोवणी. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चाला." बाई मान डोलावते, गोळ्यांची पुडी पिशवीत टाकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरते. गोळी आणि मेहनत यांची शरीरात गाठ पडली की काय होते, हे मात्र तिला क्वचितच कोणी सांगते.

या गोळ्या आता शहरापुरत्या राहिलेल्या नाहीत. उच्च रक्तदाबावर सरकारी दवाखान्यांतूनच नियमित औषध मिळावे म्हणून 2017 साली देशातल्या 25 जिल्ह्यांत एक उपक्रम सुरू झाला. त्यात शेजारचा भंडारा होता. 1999 पर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्याचा भाग. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही नावे आज खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकर गटामुळे. मेहनत सुरू झाली की ॲड्रेनलिन हृदयाला वेग वाढवायला सांगते. ही औषधे तो निरोप अडवतात. नाडी मंद राहते, हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो, छातीतले दुखणे टळते. पण 220 वजा वय हे कमाल नाडीचे नेहमीचे गणित इथे कोलमडते. साठीच्या माणसासाठी ते 160 येते; गोळी घेणाऱ्याची नाडी त्याच्या वीस-तीस ठोके खालीच अडू शकते. हातातले घड्याळ पाहून तो आकडा गाठायला जाणारा माणूस स्वतःला विनाकारण दमवतो.

त्यापेक्षा बोलून पाहावे. काम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर मेहनत मध्यम. रोवणीच्या बायका गाणी म्हणत काम करतात, त्यामुळे हे माप त्यांच्याकडे आधीपासूनच आहे! गाणे थांबले तर हरकत नाही. वाक्य पुरे करताना धाप लागली तर बांधावर येऊन बसावे.

(हीच बीटा-ब्लॉकर औषधे हाताची थरथर कमी करतात, म्हणून नेमबाजीत त्यांवर बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदके प्रोप्रानोलॉलमुळे काढून घेतली गेली.)

थरथर थांबवण्याचा हा गुण मधुमेह्याला मात्र महागात पडू शकतो. साखर एकदम उतरली की छाती धडधडते, हात कापतात. बीटा-ब्लॉकर ही दोन्ही लक्षणे झाकतो. उरतो फक्त घाम, आणि बांधीत घाम कोणाला येत नाही? इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी रोवणीला जाऊ नये आणि जवळ गूळ-साखर ठेवावी.

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल रक्तवाहिन्या सैल करतात. मेहनतीनेही त्या सैल होतातच. त्यामुळे बराच वेळ वाकून झटकन ताठ झाले, किंवा भरभर चालून एकदम थांबले, की रक्त पायांत साचते आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. हळू उठावे, थांबण्याआधी चार पावले सावकाश टाकावीत.

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना प्रश्न वेगळा असतो. पारा 44 च्या आसपास, आणि पोटात लघवी वाढवणारी गोळी. घामातून आणि लघवीतून पाणी, मीठ, पोटॅशियम निघून जाते. पायात गोळे येतात, ठोके चुकतात. पाणी किती प्यायचे हे सगळ्यांना सारखे नाही. हृदय कमजोर असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा असते. उन्हाच्या दिवसांत ती पुन्हा विचारून घ्यावी.

खरा धोका संध्याकाळी येतो. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणली जाते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि हे वेदनाशामक, ही तिन्ही कोरड्या पडलेल्या शरीरात एकत्र आली की मूत्रपिंड बंद पडायची वेळ येऊ शकते. ही गोष्ट दुकानातही सांगितली जात नाही, हे चिंताजनक आहे.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला विळा लागला तर रक्त उशिरा थांबते. जखम कापडाने घट्ट दाबून धरावी. कोलेस्टेरॉलसाठीच्या ॲटोरव्हास्टॅटिनने कधी कधी अंग दुखते. दुखणे असह्य झाले, लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काहीही झाले तरी हंगामापुरती गोळी स्वतःहून सोडू नये. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवल्याने हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढेच सांगावे: मी रोवणीला जाते, इतके तास वाकते, उन्हात असते. मात्रा आणि वेळ त्यावरून बदलता येते. छातीतल्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर ती घरी फळीवर नको, सोबत हवी. छातीत दुखले तर आधी बसावे, मग गोळी जिभेखाली ठेवावी, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करावा.