विश्लेषण : सांडपाण्यावर सरपणाचे रान... बारामती-इंदापुरात हे गणित जुळेल का?

शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करायची, ते पाणी सुबाभूळ, निलगिरी, बांबू अशा झपाट्याने वाढणाऱ्या लागवडीला द्यायचे आणि ते लाकूड बॉयलरमध्ये जाळून वीज किंवा वाफ करायची, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. बारामती आणि इंदापूरसारख्या तालुक्यांत तर ती अधिकच मोहक वाटते. एका बाजूला कालव्याचे उसाचे पट्टे, दुसऱ्या बाजूला टँकरची वाट पाहणारे जिरायत आणि मधोमध वाढती शहरे. पण पाणी आणि लाकूड यांचा हिशेब मांडला की चित्र थोडे बदलते.

झाडेच का?

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात नत्र, स्फुरद आणि पालाश शिल्लक राहते. भाजीपाल्याला ते पाणी दिले तर जंतूंचा प्रश्न थेट ताटापर्यंत येतो. जळणाच्या लाकडाचा तसा धोका नाही. शिवाय ही झाडे एकदा लावली की दर तीन-चार वर्षांनी तोडता येतात आणि बुंध्यातून पुन्हा फुटतात. ऊस उत्पादकाला सांगायचे तर हा झाडांचा खोडवाच.

सुबाभूळ या भागाला नवी नाही. उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने सत्तरच्या दशकापासून चारा आणि सरपणासाठी तिचा प्रसार केला. बांबू मात्र झाड नव्हे, गवत. वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ते कागदावरही मान्य केले.

इतरत्र काय झाले?

कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेने एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच वरंब्यांवर झाडे लावून सऱ्यांतून सांडपाणी सोडण्याची पद्धत बसवली. त्यात हेक्टरी रोज तीन लाख ते दहा लाख लिटर पाणी जिरवले जाते. नागपूरच्या ‘नीरी’चीही याच जातकुळीतील पद्धत आहे. स्वीडनमधील एन्शपिंग शहराचा प्रयोग वेगळा. तेथे मैलागाळ पिळून निघालेले पाणी सुमारे ७५ हेक्टर विलो झाडांना दिले जाते. शहराच्या एकूण सांडपाण्यात या पाण्याचा वाटा एक टक्क्याहून कमी, पण नत्र सुमारे एक चतुर्थांश. हिवाळ्यात ते तळ्यात साठवतात, उन्हाळ्यात झाडांना देतात. लाकूड शहराच्या वीज व उष्णता केंद्रात जळते आणि राख पुन्हा शेतात जाते.

फरक उद्देशाचा आहे. कर्नालला पाण्याची विल्हेवाट लावायची होती, एन्शपिंगला नदीत जाणारे नत्र अडवायचे होते. आपल्याकडे मात्र पाणीच तोकडे.

बारामतीचा ढोबळ हिशेब

पाणीपुरवठ्याच्या प्रचलित निकषानुसार माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले, तर एक लाख लोकवस्तीमागे रोज सुमारे १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी मिळते. बारामती शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार होती, त्यानंतर हद्द आणि वस्ती दोन्ही वाढले. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि रणरणता उन्हाळा असलेल्या या भागात जोमाने वाढणाऱ्या झाडांना हेक्टरी वर्षाला १२ ते १४ हजार घनमीटर, म्हणजे रोज सरासरी ३५ हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. म्हणजे एक लाख लोकांच्या सांडपाण्यावर सुमारे ३०० हेक्टर भिजेल. हेक्टरी वर्षाला २० टन वाळलेले लाकूड हे उदार उत्पादन धरले तरी सहा हजार टन. एक मेगावॉटचा बायोमास प्रकल्प वर्षभर चालवायला आठ ते दहा हजार टन लागतात.

थोडक्यात, लाखभर लोकांचे सांडपाणी वापरूनही एक मेगावॉट पुरा होत नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती, या परिसरातील साखर कारखाने बगॅसचे डोंगर हाताळतात. त्यांच्यापुढे ही वीज किरकोळच. हे लाकूड उपयोगी पडेल ते गाळप हंगाम संपल्यावर, बगॅस कमी पडेल तेव्हा, किंवा औद्योगिक वसाहतीतील वाफेच्या बॉयलरला. औष्णिक केंद्रांना कोळशात बायोमास मिसळणे केंद्राने बंधनकारक केल्याने (२०२४-२५ साठी पाच टक्के) पेलेटला मागणी आहे. पण नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असते. ते वाळवल्याशिवाय लांब नेणे म्हणजे भाडे भरून पाणी वाहणे.

जमिनीचे काय?

लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र धरले, तर वरील हिशेबाने हेक्टरी वर्षाला जवळपास ४०० किलो नत्र जमिनीत जाईल. आडसाली उसाची शिफारसच तेवढी आहे. झाडांना एवढे पेलत नाही. उरलेले नायट्रेट बनून विहिरीत उतरू शकते. क्षारांचा प्रश्न तर इथे जुनाच. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रात पाणथळ व चोपण जमिनी दिसू लागल्या. काळ्या भारी जमिनीत निचरा न करता सांडपाणी सोडणे म्हणजे तीच चूक पुन्हा. बारामतीच्या माळेगाव खुर्द येथे अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. मुरमाड, खडकाळ जमिनीवर शेती कशी करावी, यावर तिने काम केले आहे. असा प्रयोग करायचाच तर तिच्याकडे विचारणा व्हायला हवी.

आणखी एक अडचण ऋतूंची. सांडपाणी बारा महिने सारखेच येते, झाडे मात्र वैशाखात सर्वाधिक आणि श्रावणात अगदी थोडे पितात. साठवण तलाव नसेल तर पावसाळ्यात पाणी ओढ्यालाच जाणार.

हे पाणी खरेच कुणाचेच नाही?

खरी मेख इथे आहे. बारामतीचे सांडपाणी कऱ्हा नदीतून नीरेला आणि पुढे भीमेला मिळते. ‘वाया जाणारे पाणी’ खालच्या गावासाठी वाया गेलेले नसते. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याच्या दिशेने आदेश काढला, तेव्हा युक्तिवाद हाच होता की हे पुणे व पिंपरी-चिंचवडहून येणारे सांडपाणी आहे, धरणाचे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. दुसरीकडे पुणे महापालिकेने मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडायचे ठरले, त्यावर हवेली-दौंडचे शेतकरी अवलंबून आहेत. त्यांची तक्रार पाण्याच्या दर्जाची आहे.

कालव्याचे असो वा सांडपाण्याचे, हक्काचे पाणी बांधावर आले की इथला शेतकरी ऊस लावतो. हमखास खरेदीदार आणि ठरलेला दर सोडून तीन वर्षांनी तुटणाऱ्या सुबाभळीसाठी तो थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यामुळे अशी लागवड झालीच तर ती प्रक्रिया केंद्रालगतच्या नगरपरिषदेच्या जागेत, चोपण पडीकावर, काही हेक्टरांपुरती होईल. तिथे नगरपरिषदेला आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतील : किती पाणी नदीत सोडायचेच, आणि शेजारच्या विहिरींची तपासणी कोण, किती दिवसांनी करणार.