उरलेल्या लोकरीचे सोळा चौकोन

ब्रिटनमधील अनेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर लोकरीची एक पिशवी असते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईने किंवा सासूबाईंनी हिवाळाभर नातवंडांसाठी स्वेटर आणि टोप्या विणलेल्या असतात, आणि परत जाताना उरलेले गुंडे त्या पिशवीत ठेवलेले असतात. पुढे नातवंडे वाढतात, स्वेटर आखूड होतात, पिशवी मात्र तिथेच राहते. ती टाकून देववत नाही, आणि एकेका रंगाची लोकर इतकी थोडी असते की तिचे काही होईल असेही वाटत नाही.

पण नुसते ठेवून देणे म्हणजे जपणे नव्हे. अंधाऱ्या, हात न लागणाऱ्या जागी लोकरीला कसर लागते. तिच्या अळ्या लोकरीतील केराटिनवर जगतात. म्हणून पिशवी प्रथम उजेडात रिकामी करावी. शंका वाटल्यास गुंडे हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावेत. त्यानंतर या लोकरीचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे रंगीत चौकोन जोडून केलेला उशीचा अभ्रा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या समाजाला ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्येही 1941 ते 1949 या काळात कपड्यांवर रेशन होते, तेव्हा जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीतून नवे विणले जात.

आधी धागा, मग रंग

बहुतेकांची चूक येथेच होते: रंग जुळवले जातात, धागा तपासला जात नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटते. ॲक्रिलिक तशी आटत नाही, मात्र गरम इस्त्रीखाली तिचा पोत कायमचा बिघडतो. दोन्ही शेजारी आले आणि अभ्रा गरम पाण्यात धुतला, तर काही चौकोन आटतात, काही तसेच राहतात आणि सारा अभ्रा चुरमडतो.

लेबल हरवले असेल तर धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. शक्यतो एका अभ्र्यात एकाच जातीचा धागा वापरावा. मिश्रण करायचेच असेल, तर अभ्रा कायम थंड पाण्यात, हातानेच धुवावा. गडद रंगाचा धागा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग जातो का, हेही पाहावे.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

चाळीस सेंटिमीटरच्या उशीला दहा सेंटिमीटरचे सोळा चौकोन लागतात. ते कोपऱ्यातून सुरू करून तिरपे विणावेत. सुईवर दोन टाके घालावेत. सगळ्या ओळी सुलट विणाव्यात आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात दोनदा विणून एक टाका वाढवावा. त्रिकोणाची तिरपी कड दहा सेंटिमीटर भरली की वाढवणे थांबवून प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन टाके एकत्र विणावेत. शेवटी एक टाका उरतो.

या पद्धतीत टाके मोजावे लागत नाहीत, फक्त कड मोजावी लागते. त्यामुळे धागा थोडा जाड-बारीक असला तरी चौकोन सारख्याच मापाचे होतात. ब्रिटनमध्ये सर्रास मिळणाऱ्या डबल निटिंग लोकरीला चार मिलिमीटरची सुई चालते. फारच बारीक धागा असेल तर दोन धागे एकत्र धरून विणावे.

गुंडा पुरेल का, याचे उत्तर स्वयंपाकघरातील वजनकाटा देतो. पहिला चौकोन विणून त्याचे वजन करावे. त्याच जाडीचा जो गुंडा त्याहून थोडा जड भरेल, त्यातून एक चौकोन नक्की होतो. कमी भरला तरी हरकत नाही. सर्वांत रुंद ओळीपाशी निम्मा चौकोन झालेला असतो. तेथे रंग बदलला की दोन त्रिकोणांचा चौकोन मिळतो. अगदी लहान गुंडेही असे कामी येतात.

जुळणी

प्रत्येक चौकोनाची दोन टोके, म्हणजे एकूण किमान बत्तीस. ती शेवटावर न ढकलता चौकोन झाल्याबरोबर आत ओवून टाकावीत. चौकोन ओले करून, टाचण्यांनी दहा सेंटिमीटरवर ताणून वाळवावेत. मग जमिनीवर मांडून फोनवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. गडद रंग एकाच बाजूला साचले असतील तर लगेच दिसते. चौकोनांच्या तिरप्या रेघा आलटूनपालटून ठेवल्या, तर चार चौकोनांत मिळून एक शंकरपाळ्याचा आकार उमटतो. शिवताना सर्वत्र एकच रंग वापरावा, राखाडी किंवा मोतिया. विसंगत रंगांनाही तो एकत्र बांधतो.

मागची बाजू विणण्याची गरज नाही. जुन्या सुती सदऱ्याचा पुढचा भाग बटणे लावून, शिवणीसाठी कडेला थोडे अधिक कापड राखून कापावा. काजे-बटणे तयारच असतात. उशी तेथूनच आत जाते आणि झिप लावावी लागत नाही. सदरा वडिलांचा असेल तर उत्तमच. पुढच्या खेपेला आई येईल तेव्हा सोफ्यावरच्या उशीतला कोणता रंग कोणाच्या स्वेटरचा, हे ती विचारण्याआधीच सांगेल.