गुण्या धरलेला संत

अमरावती एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला वऱ्हाडी माणूस सीएसएमटीला उतरतो. तिथून हॉर्निमन सर्कलकडे पायी निघालं की थोड्याच वेळात सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. १७१८ च्या नाताळात हे चर्च उघडलं. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे वाट यायची तो चर्चगेट. पुढे तेच नाव स्टेशनाला मिळालं.

आतल्या रंगीत काचेच्या खिडकीत मधोमध संत थोमा उभा आहे. एका बाजूला देवदूत गब्रिएल, दुसऱ्या बाजूला मिखाएल. तलवार असलेला मिखाएल, लिलीची फुलं असलेला गब्रिएल. थोमाच्या हातात मात्र चक्क गुण्या आहे, गवंडी काटकोन तपासतात तो!

बायबलमधला थोमा गवंडी नाही. तो शंकेखोर शिष्य. येशू पुन्हा जिवंत झाला यावर त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. गुण्या आला तो तिसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथातून. त्यातली कथा भारताची आहे. राजा गोंडोफारेस थोमाला महाल बांधायला पैसा देतो, थोमा तो गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा चिडून त्याला कोंडतो. तेवढ्यात राजाचा भाऊ मरतो आणि स्वर्गात त्याला तोच महाल बांधून तयार दिसतो. कथा खरी-खोटी कशीही असो, राजा खरा होता. वायव्येकडे त्याची नाणी सापडली आहेत.

नंदी दिसला की महादेव ओळखणाऱ्या आपल्या लोकांना ही चित्रलिपी अवघड जाऊ नये. येशूची कथा, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणारे चौघेही असेच खुणांनी ओळखतात: पंख असलेला माणूस म्हणजे मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. पण ही वाहनं नव्हेत. यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतल्या दृष्टान्तांमधले हे चार प्राणी नंतर चार शुभवर्तमानांना जोडले गेले. निशाण घेतलेलं कोकरू म्हणजे बळी जाऊनही जिंकलेला ख्रिस्त.

अशा खिडकीतला रंग बहुतेक काचेच्या अंगातच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळला की निळा रंग येतो. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात; चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगाने काढून भट्टीत भाजतात. दिवसा बाहेरून पाहिलं तर ही खिडकी काळवंडलेली, निस्तेज दिसते. मुंबईतच कुलाब्याला असलेल्या अफगाण चर्चचंही तसंच. ते पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं, १८५८ चं. तिथल्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्सच्या. त्याही बाहेरून पाहिल्या तर काहीच कळत नाही.

काच नसली तरी खुणा असतातच. अमरावतीच्या सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर वेदी आणि धर्मगुरूंची वस्त्रं नीट पाहा. कबुतर, गव्हाची लोंबी, द्राक्षांचा घड यांपैकी काहीतरी बहुधा सापडेल. मुंबईच्या काचा पाहायच्या तर उजेडीच जा, आणि आत जाऊन पाहा.